कॉक्लिअर इम्प्लांट : तारीख घेण्याआधी हे वाचा

मूल दीड-दोन वर्षांचं झालं, हाक मारली तरी वळत नाही, तपासणीत दोन्ही कान जवळजवळ बंद निघाले आणि डॉक्टरांनी कॉक्लिअर इम्प्लांट सुचवलं. इथवर येऊन थबकलेल्या आईवडिलांचे प्रश्न वर्षानुवर्षं तेच आहेत. ऑपरेशन झालं की बोलेल ना? एवढे पैसे कुठून आणायचे? कुठल्या कंपनीचं चांगलं? डोक्यात मशीन बसवायचं म्हणजे धोका नाही ना? आणि हमखास विचारला जाणारा एक : अजून लहान आहे, जरा मोठा झाल्यावर केलं तर?

या लेखात या प्रश्नांची उत्तरं आहेत. पण त्यातली एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. इम्प्लांटमुळे मुलाला आवाज मिळतो. त्या आवाजाचं भाषेत रूपांतर पुढच्या दोन-तीन वर्षांच्या रोजच्या मेहनतीतून होतं. म्हणून ऑपरेशनची तारीख घेण्याआधी थेरपी कुठे आणि कोणाकडे होणार, हे पक्कं करा. पैशांची जुळवाजुळव आणि कंपनीची निवड यांत कुटुंबं महिनोन्‌महिने घालवतात आणि हाच प्रश्न विचारायचा राहून जातो.

संशय आला की थांबू नका

बाळाला ऐकू येतं का, हे घरी थाळी वाजवून ठरवू नका. थाळी वाजवणाऱ्याचा हात बाळाला दिसतो, जमिनीचा हादरा जाणवतो, वाऱ्याची झुळूक लागते आणि ते वळून बघतं. घरातले म्हणतात, "बघा, ऐकतोय!" दार आपटल्यावर दचकणारं मूलही बोलण्यातले आवाज ऐकू शकत नसेल. आणखी काही वाक्यांपासून सावध राहा : "याचे आजोबाही उशिरा बोलले", "जीभ जड आहे", "जिभेखालचा बंध कापून घ्या". बंध कापल्याने बहिऱ्या मुलाला ऐकू येत नाही; तपासणी मात्र तेवढी लांबते.

जगभर एक साधा हिशेब पाळला जातो. बाळ एक महिन्याचं होईपर्यंत कानांची प्राथमिक चाचणी, तीन महिन्यांपर्यंत पक्कं निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपचारांना सुरुवात. चाचण्या अशा असतात :

- ओएई : कानात छोटी नळी ठेवून काही मिनिटांत होते. निकाल 'पास' किंवा 'रेफर' असा येतो. 'रेफर' म्हणजे बहिरेपण ठरलं असं नाही. नवजात बाळाच्या कानात पाणी किंवा मळ असला तरी असा निकाल येतो. चाचणी पुन्हा करायची असते, आणि नेमकं तेच राहून जातं.
- बेरा : मूल झोपलेलं असताना डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून, आवाज मेंदूकडे पोचतो का ते बघतात. सोबत एएसएसआर केली तर कोणत्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो, याचा अंदाज येतो.
- इम्पिडन्स : पडद्यामागे पाणी साचलं आहे का, हे यातून कळतं.

बाळ काचेच्या पेटीत राहिलं असेल, कावीळ फार वाढली होती, अमिकासिन किंवा जेंटामायसिनसारखी औषधं द्यावी लागली, गरोदरपणात आईला रुबेला झाला होता, नात्यातलं लग्न आहे किंवा घराण्यात कोणी कर्णबधिर आहे, तर पहिली ओएई 'पास' आली तरी पुढे लक्ष ठेवा. अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांची नुसती ओएई पुरेशी नसते. काही मुलांच्या कानातला शंखाकृती भाग, म्हणजे कॉक्लिआ, प्रतिसाद देतो, पण पुढे नसेतून संदेश नीट जात नाही. हे फक्त बेरात दिसतं.

सरकारी वाट हवी असेल तर अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मूल दाखवा. २०१३ मध्ये पालघरपासून सुरू झालेल्या या कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. पथक मुलाला जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. पथक गावात येईपर्यंत वाट पाहण्याचीही गरज नाही, थेट केंद्रात गेलं तरी चालतं.

मेनिंजायटिस म्हणजे मेंदूज्वरानंतर ऐकू येणं गेलं असेल तर ही निकड समजा. या आजारानंतर कॉक्लिआच्या आत हाड धरू लागतं, आणि तसं झालं की इलेक्ट्रोड आत सरकवणं अवघड होतं, कधी अशक्य होतं. अशा मुलांच्या बाबतीत आधी काही महिने श्रवणयंत्र लावून बघण्याचा नेहमीचा नियम लागू होत नाही. ताप उतरल्यावर मूल घरी आलं की लगेच कानांची तपासणी करून घ्या.

हे यंत्र करतं काय

श्रवणयंत्र आवाज मोठा करून कानात सोडतं. कॉक्लिआतल्या आवाज टिपणाऱ्या पेशीच नसतील तर कितीही मोठा आवाज वाया जातो. इम्प्लांट त्या पेशींना वगळतं. कानामागे बसणाऱ्या प्रोसेसरचा माईक आवाज घेतो, प्रोसेसर त्याचे संकेत करतो, लोहचुंबकाने डोक्याला चिकटलेली कॉइल ते त्वचेतून आत पाठवते आणि कॉक्लिआत सरकवलेली इलेक्ट्रोडची बारीक तार थेट श्रवणनसेला विद्युत संवेदना देते. विल्यम हाउस यांनी १९६१ मध्ये अमेरिकेत असे पहिले प्रयोग केले आणि ग्रेम क्लार्क यांनी १९७८ मध्ये मेलबर्नमध्ये अनेक इलेक्ट्रोड असलेलं यंत्र बसवलं. आज ही नित्याची शस्त्रक्रिया आहे. मुंबईतल्या कानाच्या शल्यचिकित्सेत नाव झालेले डॉ. मिलिंद कीर्तने यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली, तीही याच क्षेत्रातल्या कामामुळे.

प्रोसेसर काढला की मूल पुन्हा पूर्ण बहिरं असतं. आंघोळीत, झोपेत, बॅटरी संपल्यावर. घरातल्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचे बरेच निर्णय यावर अवलंबून आहेत.

कोणाला उपयोग होतो, कोणाला नाही

जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाच्या मेंदूतला ऐकण्याचा भाग आवाजाविना फार काळ वाट पाहत नाही. साधारण साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेली मुलं सर्वांत चांगली प्रगती करतात, आणि त्यातही वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास झालेली पुढे असतात. सात वर्षांनंतर, त्याआधी श्रवणयंत्रानेही काही ऐकलेलं नसेल तर, बोलणं समजण्याची अपेक्षा फार मर्यादित ठेवावी लागते. "मोठा झाल्यावर करू" याचं उत्तर इथे आहे.

मात्र निदान झालं आणि दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन, असंही नसतं. आधी ताकदीची श्रवणयंत्रं लावून निदान तीन महिने थेरपी करून बघतात. हा काळ वाया गेला असं मानू नका. बऱ्याच मुलांना श्रवणयंत्रच पुरतं. ज्यांना पुरत नाही त्यांना कानावर काहीतरी ठेवून घेण्याची, आवाजाकडे लक्ष देण्याची सवय लागते, आणि तुम्हालाही थेरपी म्हणजे काय हे कळतं.

त्यानंतर सीटी स्कॅन आणि एमआरआय होतो. एमआरआयमध्ये श्रवणनस आहे की नाही, जाड आहे की बारीक, हे बघतात. नसच नसेल किंवा कॉक्लिआ तयारच झालेला नसेल तर इम्प्लांटचा उपयोग नाही. अशा वेळी "करून तर बघू" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. अहवाल दुसऱ्या तज्ज्ञांना दाखवा. तो तुमचा अधिकार आहे, आणि अहवालांच्या प्रती मागायला संकोच करण्याचं कारण नाही.

थेरपीची सोय आधी

आता मूळ मुद्दा. तालुक्याच्या गावातलं कुटुंब मुंबई-पुण्याला जाऊन ऑपरेशन करून येतं. टाके निघतात, यंत्र सुरू होतं, घरी परततात. पुढे दर आठवड्याला थेरपीला जायचं तर जाऊन-येऊन सात तासांचा प्रवास, रोजगार बुडणार, घरी दुसरं लहान मूल. चार फेऱ्या होतात, मग महिन्यातून एक, मग बंद. वर्षभराने प्रोसेसर कपाटातल्या डब्यात असतो आणि घरात सगळे म्हणतात, ऑपरेशन फेल गेलं. ऑपरेशन उत्तम झालेलं असतं. पुढे काय करायचं, हे त्यांना कोणी बसवून सांगितलेलं नसतं.

म्हणून होकार देण्याआधी रुग्णालयात हे विचारा आणि उत्तरं लिहून घ्या :

- मॅपिंग, म्हणजे यंत्राच्या आवाजाच्या पातळ्या बसवण्याचं काम, कोण करणार? पहिल्या वर्षी किती वेळा यावं लागेल? पॅकेजमध्ये किती भेटी धरल्या आहेत, त्यानंतर प्रत्येक भेटीचे किती पैसे?
- थेरपी तुमच्याकडे की दुसरीकडे? थेरपिस्टने इम्प्लांट झालेल्या मुलांसोबत काम केलं आहे का?
- आमच्या जिल्ह्यात कोण आहे? नसेल तर व्हिडिओ कॉलवर थेरपी देता का?
- थेरपीच्या वेळी आईवडिलांना खोलीत बसवतात का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "पालक बाहेर बसतात" असं आलं तर दुसरी जागा शोधा. आठवड्यातला एक तास मुलासाठी अगदीच तोकडा आहे. त्या तासात शिकायचं असतं ते तुम्ही, उरलेले सहा दिवस घरी करण्यासाठी.

पैशांची वाट

एका कानाच्या यंत्राची किंमत मॉडेलप्रमाणे साधारण पाच-सहा लाखांपासून बारा-पंधरा लाखांपर्यंत जाते. रुग्णालयाचा खर्च वेगळा. घर किंवा जमीन गहाण ठेवण्याआधी या दारांवर जाऊन या :

- केंद्र सरकारची एडीआयपी योजना. कमी उत्पन्नाच्या कुटुंबातल्या लहान मुलांना यात यंत्र, ऑपरेशन, मॅपिंग आणि ठरावीक काळाची थेरपी मिळते. देशभरासाठीची मध्यवर्ती संस्था आपल्या मुंबईतच आहे : वांद्रे पश्चिमेची अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था. जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी पाच वर्षांची वयोमर्यादा आहे. बोलायला लागल्यावर ऐकू येणं गेलेल्या मुलांसाठी ती शिथिल आहे. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी बदलते, ती संस्थेतच विचारा.
- राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. जिल्हा रुग्णालयातल्या केंद्रातून प्रस्ताव जातो.
- मुख्यमंत्री सहायता निधी. मदत मिळणाऱ्या आजारांच्या यादीत लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटचा समावेश आहे. अर्ज ऑपरेशनच्या आधी करावा लागतो.
- धर्मादाय रुग्णालयं. कायद्याने त्यांच्या १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. यंत्राची किंमत यातून सुटेलच असं नाही, पण रुग्णालयाचं बिल बरंच कमी होतं. रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा.
- नोकरीतली आरोग्य योजना. केंद्र सरकारी कर्मचारी आणि निवृत्त सैनिक यांच्या योजनांत इम्प्लांट बसतं. खासगी कंपनीत असाल तर गटविमा पॉलिसी काढून स्वतः वाचा. जन्मजात आजार वगळलेले असतात का, हे बघा.
- देवस्थानं आणि विश्वस्त निधी. सिद्धिविनायक न्यासासारख्या संस्था वैद्यकीय मदत देतात. रक्कम लहान असते, पण चार ठिकाणची मिळून आकार येतो.

कागदपत्रांची फाईल एकदाच नीट करा : जन्मदाखला, आधार, शिधापत्रिका, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बेराचे अहवाल, स्कॅनच्या सीडी, श्रवणयंत्र वापरल्याची आणि थेरपीची नोंद, दिव्यांग प्रमाणपत्र. उत्पन्नाचा दाखला संपलेला निघाला म्हणून अर्ज मागे फिरतो आणि त्यात मुलाचं वय पुढे सरकतं, तेव्हा तारखा आधीच तपासा. सरकारी योजनेत यंत्र मिळवून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. अर्जाला दलाल लागत नाही.

एक गैरसमज बऱ्याच ठिकाणी दिसतो. निरामय विमा योजना फक्त बहिरेपण असलेल्या मुलांना लागू नाही. ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. त्या रांगेत वेळ घालवू नका.

आणि आज यंत्र फुकट मिळालं तरी पुढचा खर्च धरून चाला. आतला भाग वर्षानुवर्षं टिकतो, पण बाहेरचा प्रोसेसर पाच ते सात वर्षांत बदलावा लागतो आणि त्याचे काही लाख होतात. मधल्या काळात कॉइल, वायर, बॅटऱ्या. शक्य असेल तर यंत्र सुरू झाल्यापासून पोस्टात किंवा बँकेत आवर्ती ठेव उघडा. सरकारी योजनेत मिळालेलं यंत्र बिघडल्यावर पैशांअभावी बंद पडून राहतं, हे पाहून फार वाईट वाटतं. मिळालेलं ऐकणं मुलाच्या हातून पुन्हा निसटतं.

कुठल्या कंपनीचं?

भारतात प्रामुख्याने कॉक्लिअर, मेड-एल आणि अॅडव्हान्स्ड बायोनिक्स या परदेशी कंपन्यांची यंत्रं बसतात. तिन्हींनी उत्तम बोलणारी मुलं मी ऐकली आहेत. ब्रँडवर फार दिवस घालवू नका, त्यापेक्षा हे तपासा : दुरुस्तीचं केंद्र किती लांब आहे, यंत्र दुरुस्तीला गेल्यास बदली प्रोसेसर देतात का, कॉइल आणि वायरची आजची किंमत काय, हमी आतल्या भागाला किती वर्षं आणि बाहेरच्या भागाला किती, पुढे एमआरआय करायची वेळ आली तर लोहचुंबक काढावा लागेल का, आणि हे मॉडेल लवकरच बंद तर होणार नाही ना. स्वस्तात मिळणारं जुनं मॉडेल कधी कधी त्याच कारणाने स्वस्त असतं.

दोन्ही कानांत इम्प्लांट झालं तर आवाज कुठून आला हे कळतं, गोंगाटातही बोलणं समजतं. परवडत असेल तर दोन्ही करा. योजनेतून एकाच कानाचं मिळालं तर दुसऱ्या कानाला श्रवणयंत्र लावत राहा, तो कान मोकळा सोडू नका.

ऑपरेशन आणि स्विच ऑन

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं, दोन-तीन तास चालतं. कानामागे छोटा छेद असतो, दोन-तीन दिवसांत घरी जाता येतं. चेहऱ्याच्या नसेला इजा, जंतुसंसर्ग, चक्कर, आतला भाग बिघडणं हे धोके आहेत. अनुभवी हातात ते क्वचित घडतात, पण संमतीपत्रावर सही करण्याआधी त्यांबद्दल विचारा. कानात उरलंसुरलं नैसर्गिक ऐकणं असेल तर तेही जाऊ शकतं. मेंदूज्वर रोखणाऱ्या न्यूमोकॉकल आणि हिब लसी ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी पूर्ण हव्यात. लसीकरणाचं कार्ड सोबत न्या.

जखम भरल्यावर, साधारण दोन ते चार आठवड्यांनी, यंत्र सुरू करतात. मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओंत बाळ आईचा आवाज ऐकून हसतं. तुमचं बाळ कदाचित किंचाळून रडेल किंवा काहीच करणार नाही. दोन्ही अगदी ठीक आहे. त्याला आवाज म्हणजे काय, हेच माहीत नाही. पुढच्या महिन्यांत ऑडिओलॉजिस्ट प्रत्येक इलेक्ट्रोडची पातळी थोडी थोडी वाढवत नेतात. मॅपिंग म्हणतात ते हेच.

वय मोजण्याची पद्धत इथून बदला. दोन वर्षांच्या मुलाचं यंत्र आज सुरू झालं तर ऐकण्याच्या हिशेबाने ते आज जन्मलं. वर्षभराने ते तीन वर्षांचं दिसेल, पण ऐकणं एका वर्षाच्या बाळाचं असेल. शेजारच्या तीन वर्षांच्या मुलाशी तुलना करू नका.

घर हीच थेरपीची खोली

पहिला नियम : मूल जागं असेल तितका वेळ यंत्र कानावर. प्रोसेसरमध्ये किती तास वापर झाला याची नोंद राहते आणि पुढच्या भेटीत ऑडिओलॉजिस्टना ती दिसते. "झोपताना काढतो, प्रवासात काढतो, पाहुणे आले की काढतो" असं करत दिवसाचे चार तास उरतात. चार तासांवर भाषा येत नाही.

दुसरा : आधी आवाज, मग वस्तू. दाराची बेल वाजली की मुलाला हाताला धरून दाराकडे नेण्याची घाई करू नका. थांबा. स्वतःच्या कानाकडे बोट न्या, "ऐकलंस? बेल वाजली!" म्हणा, त्याच्या चेहऱ्याकडे बघा, मग दार उघडा. कुकरच्या शिट्टीचं, दूधवाल्याच्या हाकेचं, नळाच्या पाण्याचं असंच. प्रत्येक वेळी खांद्याला हात लावून बोलावलं तर ते हाताची वाट बघायला शिकतं, आवाजाची नाही.

तिसरा : जे करता ते बोलत करा, छोट्या वाक्यांत, चालीत. पोळ्या करताना मूल ओट्याजवळ असेल तर, "कणीक मळली. गोळा केला. लाटली, लाटली, गोल गोल. तव्यावर टाकली... फुगली!" 'फुगली'च्या आधी क्षणभर थांबा. रोज तोच थांबा आला की काही आठवड्यांनी मूल तिथे तुमच्याकडे बघू लागतं आणि एखाद्या दिवशी त्या जागी "फु" म्हणतं. तुमचं काम तेवढ्यावर खूश होऊन "हो, फुगली!" म्हणण्याचं. "नीट म्हण, फु-ग-ली" असं पाठ करून घेण्याचं नाही.

बोलताना टीव्ही बंद ठेवा. यंत्राला गोंगाटातून बोलणं वेगळं काढणं जड जातं, आणि मोबाईलवरची गाणी मुलाशी संवाद करत नाहीत. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांना कामाला लावा. गोष्टी, बडबडगीतं, अंघोळीच्या वेळची गाणी त्यांच्याकडे भरपूर असतात. घरी अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलत असाल तर तीच बोला. शाळा पुढे इंग्रजी असेल म्हणून घरात मोडकं इंग्रजी सुरू केलं तर मुलाला कुठलीच भाषा धड मिळत नाही. पहिली भाषा पक्की झाली की दुसरी येते.

आणि रोज सकाळी दोन मिनिटांची तपासणी करा. आ, ई, ऊ, म्, श्, स् हे सहा आवाज जाड ते बारीक अशा सगळ्या पट्ट्या व्यापतात. मुलाच्या बाजूला, जरा मागे बसा म्हणजे ओठ दिसणार नाहीत. क्रम आणि मधला थांबा बदलत एकेक आवाज काढा. ऐकू आला की मुलाने वाटीत एक ठोकळा टाकायचा. कालपर्यंत 'स्' ऐकणारं मूल आज दोनदा चुकलं तर बॅटरी बघा, वायर बदलून बघा, माईकचं झाकण बघा. तरी चुकलं तर ऑडिओलॉजिस्टना फोन करा. लहान मुलं "मला ऐकू येत नाहीये" असं सांगत नाहीत. ती फक्त गप्प होतात किंवा हट्टी होतात.

पावसाळा, प्रवास, खेळ

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे यंत्राचे खरे परीक्षेचे दिवस. रोज रात्री प्रोसेसर कोरड्या डब्यात, सिलिका जेलसोबत ठेवा. सिलिका जेलचा रंग बदलला की बदला. कानामागचा घाम पुसत राहा. बाळाच्या यंत्राला सुरक्षा दोरी लावून ती शर्टाला अडकवा. रिक्षात, जत्रेत, समुद्रावर हरवलेले प्रोसेसर सहसा परत मिळत नाहीत. हरवणं आणि चोरी यांचा विमा निघतो, तो काढा.

पळणं, सायकल, क्रिकेट, सगळं खेळू द्या, सायकलवर हेल्मेट घाला. डोक्याला जोराचा मार बसला तर आतला भाग तपासून घ्या. इम्प्लांटचं ओळखपत्र नेहमी जवळ ठेवा. एमआरआय किंवा कुठलंही ऑपरेशन करायची वेळ आली तर आधी डॉक्टरांना ते दाखवा, कारण रक्तस्राव थांबवायला वापरतात ती काही विद्युत उपकरणं डोक्या-मानेच्या भागात अशा रुग्णांवर वापरता येत नाहीत. कान वाहू लागला, कानामागे सूज आली किंवा ताप आणि मान आखडली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

शाळा आणि हक्क

इम्प्लांट झालं म्हणून दिव्यांग प्रमाणपत्र रद्द करून घेऊ नका, नसेल तर काढा. यंत्र काढल्यावर ऐकणं शून्य असतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा अधिक श्रवणऱ्हास म्हणजे बहिरेपण. यूडीआयडी कार्डासाठी ऑनलाईन अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. या कायद्याने मिळणारं :

- सरकारी आणि सरकारी मान्यतेच्या शाळेत भेदभाव न करता प्रवेश. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगता असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण.
- परीक्षेत वाढीव वेळ आणि इतर सवलती. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीसाठी अर्ज शाळेमार्फत, वेळेत करावा लागतो.
- उच्च शिक्षणात दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा, सरकारी नोकरीत ४ टक्के, त्यातला १ टक्का कर्णबधिरांसाठी.

मुख्याध्यापकांना तोंडी सांगून भागवू नका, पत्र द्या आणि पोच घ्या. पत्रात मागण्या नेमक्या लिहा : पुढच्या ओळीत, इम्प्लांटचा कान शिक्षकांकडे येईल अशी जागा, खिडकी आणि खडखडणाऱ्या पंख्यापासून लांब, फळ्याकडे तोंड करून शिक्षकांनी बोलू नये, श्रुतलेखनात वाक्य दोनदा म्हणावं, मधल्या सुट्टीत यंत्र कुणी ओढू नये यासाठी वर्गाला समजावून सांगावं. समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक गटसाधन केंद्रात असतात, त्यांना शाळेत बोलवा. प्रवेश नाकारला किंवा सवलत दिली नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात लेखी तक्रार करता येते. त्यासाठी ती पोच उपयोगी पडते.

खुणांची भाषा शिकवावी का?

"खुणा शिकवल्या तर बोलणार नाही" हे तुम्हाला अनेक ठिकाणी ऐकायला मिळेल. ऐकण्यावर भर देणारी थेरपी चालू असताना घरात बोलणंच जास्तीत जास्त व्हावं, हे खरं. पण ज्या मुलाला इम्प्लांटचा उपयोग होणार नाही, ज्याचं वय निघून गेलं आहे किंवा दोन वर्षं मनापासून करूनही ज्याचं बोलणं पुढे सरकत नाही, त्याला भाषेविना ठेवणं हा अन्याय आहे. भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे. तिचा शब्दकोश दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राने तयार केला आहे आणि मुक्त विद्यालयात ती विषय म्हणून घेता येते. इम्प्लांट न करण्याचा निर्णय विचारपूर्वक घेणारी कुटुंबंही आहेत, विशेषतः आईवडील स्वतः कर्णबधिर असतील तर. त्यांच्यावर कोणी दबाव आणू नये.

मोठ्या वयात ऐकू येणं गेलं तर

चाळिशीत अचानक किंवा साठीनंतर हळूहळू ऐकू येणं गेलेल्या माणसांनाही इम्प्लांटचा उपयोग होतो, आणि बऱ्याचदा तो लवकर दिसतो, कारण भाषा मेंदूत आधीपासून असते. सुरुवातीला आवाज यांत्रिक, चिरका वाटतो. काही महिन्यांत माणसांचे आवाज ओळखीचे वाटू लागतात आणि पुष्कळांना फोनवर बोलता येतं. वयाची वरची मर्यादा नाही, भूल सोसण्याइतकी प्रकृती हवी. ताकदीची श्रवणयंत्रं लावूनही समोरच्याचे ओठ न बघता वाक्य कळत नसेल तर तपासणी करून घ्या, आणि ती पुढे ढकलू नका : बहिरेपणाची वर्षं जितकी वाढतात तितकं पुन्हा ऐकायला शिकणं जड जातं.

जन्मापासून बहिरे असलेल्या, यंत्र कधीच न वापरलेल्या प्रौढांना मात्र गाडीचा हॉर्न, दाराची बेल असे आवाज कळू लागले तरी बोलणं समजेल अशी आशा दाखवणं योग्य नाही.

प्रौढांसाठी सरकारी मदतीच्या वाटा थोड्या आहेत. आरोग्य विमा, नोकरीतली योजना आणि धर्मादाय रुग्णालय यांपासून सुरुवात करा. ऑपरेशननंतर घरच्या कुणी तरी रोज अर्धा तास समोर बसून वर्तमानपत्र वाचून दाखवावं, पहिल्यांदा मजकूर समोर ठेवून, नंतर मजकूर झाकून. फोनचा सराव ओळखीच्या एका माणसासोबत, ठरलेल्या विषयावर सुरू करा. अनोळखी नंबर आणि बँकेचे कॉल त्यानंतर.